निरोप जसाच्या तसा पोचवायचा तर

१९८१ च्या पावसाळ्यातली गोष्ट. मी पुण्याच्या ट्रंक बोर्डावर, म्हणजे परगावचे फोन हातानं जोडून द्यायच्या टेबलावर, रात्रपाळीला होते. एका गृहस्थांनी १८० वर साताऱ्याचा अर्जंट कॉल नोंदवला. नंबरच्या शेवटी ते ‘बासष्ट’ म्हणाले आणि मी टिकिटावर, म्हणजे कॉलच्या नोंदीच्या चिठ्ठीवर, ६५ लिहिलं. लाइन लागली ती भलत्याच घरी. त्या घरातल्या माणसाला मी त्या रात्री तीनदा झोपेतून उठवलं. इकडे ज्यांची आई साताऱ्याला इस्पितळात होती ते गृहस्थ पावणेदोन तास फोनशेजारी बसून होते. सकाळी आमच्या सुपरवायझर बाईंनी ते टिकिट माझ्यासमोर ठेवलं. मी म्हणाले, “बाई, लाइनला फार खरखर होती.” त्या म्हणाल्या, “खरखर रोजच असते. तू परत वाचून का नाही दाखवलंस?”

पुढे एसटीडी, म्हणजे परगावचा नंबर थेट फिरवायची सोय, आली, कॉर्ड आणि जॅकचे बोर्ड गेले, मी चौकशीच्या आणि तक्रारींच्या टेबलांवर बसले. काम मात्र शेवटपर्यंत तेच राहिलं: एकाच्या तोंडचं दुसऱ्याच्या कागदावर नीट उतरवायचं. निवृत्तीनंतर कोथरूडमधल्या आमच्या सोसायटीत रक्तदात्यांची यादी आणि एकट्या राहणाऱ्या ज्येष्ठांची फोनसाखळी मी सांभाळते. मदतीला येणाऱ्या मुलामुलींना जे शिकवते, ते इथे लिहिते आहे.

आधी निरोपाचा रस्ता कागदावर काढा

रक्त हवंय, असा निरोप घ्या. इस्पितळातल्या नर्सनं चिठ्ठी लिहिली. रुग्णाच्या मुलानं ती वाचून मला फोनवर सांगितली. मी वहीत लिहिली. वहीतून ग्रुपवर टाइप केली. दात्यानं ती वाचली आणि तो गाडी काढून निघाला. आता या रस्त्यावर जिथे जिथे निरोप रूप बदलतो तिथे गोल करा. कागदावरून तोंडात, तोंडातून कानात, कानातून हातात, हातातून पडद्यावर. माझ्या इतक्या वर्षांच्या अनुभवात चूक जवळजवळ नेहमी या गोलांमध्येच सापडली आहे.

तारेत किंवा हवेत चुका होत नाहीत असं नाही. पण त्या यंत्रांनी आवरल्या आहेत. १९४८ साली बेल लॅबमधल्या क्लॉड शॅनन यांनी गणितानं दाखवून दिलं, की प्रत्येक वाहिनीची, म्हणजे निरोप नेणाऱ्या तारेची किंवा लहरींची, एक क्षमता असते आणि त्या क्षमतेच्या आत राहून निरोपाची बांधणी नीट केली, तर वाहिनीत गोंगाट असतानाही चुका हव्या तितक्या कमी करता येतात. दोन वर्षांनी, १९५० मध्ये, तिथल्याच रिचर्ड हॅमिंग यांनी चूक नुसती ओळखणारी नव्हे तर आपण होऊन दुरुस्त करणारी बांधणी प्रसिद्ध केली. मंडईतल्या भाजीवाल्या मावशींचा क्यूआर कोड पाहा. एक कोपरा फाटलाय, वर चिखलाचे शिंतोडे आहेत, तरी पैसे बिनचूक जातात. कारण त्या चौकटीत निरोपाबरोबर जास्तीची माहिती पेरलेली असते. दुरुस्तीच्या सर्वांत वरच्या पातळीच्या कोडचा सुमारे ३० टक्के भाग खराब झाला तरी तो वाचता येतो.

तोंड, कान आणि पेन यांना अशी सोय जन्मतः नाही. ती आपण करायची.

फोनवर काय हरवतं ते ओळखा

साध्या टेलिफोनमधून माणसाच्या आवाजाचा ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढाच पट्टा जातो. बोलणं समजायला तो पुरतो. पण ‘एस’ आणि ‘एफ’ यांच्यातला फरक बराचसा ३४०० च्या वर असतो, तो कापला जातो. म्हणून फोनवर ही दोन अक्षरं सारखीच वाटतात. कानाला दोष देऊ नका. हल्लीच्या नव्या मोबाइल सेवांमध्ये पट्टा रुंद झालाय, पण दोन्हीकडे तशी सोय असेल तरच.

मोबाइलची दुसरी एक खोड जास्त धोक्याची आहे. तो तुमच्या बोलण्याचे वीस-वीस मिलिसेकंदांचे तुकडे करून पाठवतो. एखादा तुकडा वाटेत हरवला तर पलीकडचं यंत्र आधीच्या तुकड्यावरून ती फट बुजवून टाकतं. आमच्या काळी लाइन खराब झाली की खरखर व्हायची, कान आपोआप सावध व्हायचा. आता अक्षर गळतं आणि गळल्याचा आवाजही येत नाही.

मराठीत याचा फटका फार बसतो, कारण आपला अर्थ शब्दाच्या आणि वाक्याच्या शेपटीत असतो. ‘उद्या तुम्ही यायचं नाही’ यातला शेवटचा शब्द गेला की उरतं ते बरोबर उलटं. म्हणून नकार असेल तर तो आधी सांगा. “रद्द. उद्याची तपासणी रद्द झाली आहे. उद्या यायचं नाही.” तीच गोष्ट दोन वेगळ्या शब्दांत आली, एकदा सुरुवातीला, एकदा शेवटी. दोन्ही एकदम हरवायची शक्यता फार कमी.

रक्तगटाचंही तसंच. ‘एबी’तला ‘ए’ गळला की ‘बी’, ‘बी’ गळला की ‘ए’. इस्पितळात रक्त जुळवून पाहतातच, त्यामुळे रुग्णाला चुकीचं रक्त चढेल असं नाही, पण चुकीचा दाता हडपसरपर्यंत धावतो आणि तेवढा वेळ वाया जातो. आम्ही “एबी, दोन अक्षरी गट” असं म्हणतो. ‘ए’ असेल तर “ए, एकच अक्षर”.

आकडे

आपली संख्यानामं मला अतिशय प्रिय आहेत. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणितात ‘वीस एक, वीस दोन’ आलं आणि सगळीकडे वाद पेटला, तेव्हा मी ‘एकवीस, बावीस’च्याच बाजूनं होते. घरात, बाजारात, पाढ्यांत त्रेसष्टच हवं. पण फोनवर नंबर सांगताना त्रेसष्ट म्हणू नका. ‘सहा, तीन’ म्हणा.

याची दोन कारणं आहेत. पहिलं, ही नावं एकमेकांच्या फार जवळ आहेत. बासष्ट आणि पासष्ट यांत फक्त ओठांच्या ‘ब’ आणि ‘प’चा फरक. एकवीस-एकतीस, एक्याऐंशी-एक्क्याण्णव ही तशीच जोडपी. एकेकटे आकडे सांगतानाही ‘सात’ला जपा, तो ‘आठ’कडेही झुकतो आणि ‘साठ’कडेही. दुसरं कारण, आपण एकक आधी बोलतो आणि दशक आधी लिहितो. ‘त्रेसष्ट’ ऐकताना तीन आधी कानावर पडतो, हात घाईत असेल तर ३६ लिहून मोकळा होतो. ही चूक ऐकणाऱ्याला स्वतःला कधीच दिसत नाही, कारण दोन्ही आकडे ‘बरोबर’ ऐकलेले असतात.

‘डबल’ आणि ‘ट्रिपल’ही टाळा. ‘डबल नऊ’मधला ‘डबल’ गेला तर एक आकडा कमी भरतो. ते निदान मोजून कळतं, म्हणून मोबाइल नंबर लिहिला की दहा आकडे आहेत ना ते मोजायचंच. पण मोजणीनं फक्त गळती पकडता येते. एका आकड्याच्या जागी दुसरा आला तर मोजणी गप्प राहते.

त्यासाठी परत वाचून दाखवणं. आणि इथे एक बारकावा आहे, जो मला बोर्डावरच्या एका ज्येष्ठ सहकारी बाईंनी शिकवला. तुम्ही नंबर पाच-पाचच्या गटात सांगितला असेल, तर समोरच्याला तो तीन-तीन-चारच्या गटात वाचायला सांगा. त्याच गटात वाचताना माणूस कानात घुमणारा आवाज परत म्हणतो, कागदाकडे बघतच नाही. गट बदलला की त्याला कागद बघावाच लागतो, आणि चूक कागदावर असते.

“समजलं का?” असं कधी विचारू नका. त्याचं उत्तर नेहमी “हो” येतं. ज्याला चुकीचं समजलंय त्याचंही “हो”च येतं. व्हॉट्सॲपवरच्या दोन निळ्या खुणांचंही तेच. एक खूण म्हणजे निरोप तुमच्याकडून निघाला, दोन म्हणजे त्यांच्या फोनवर पोचला, निळ्या म्हणजे उघडला. त्यातलं ६२ त्यांनी ६२ म्हणूनच वाचलं की नाही, याबद्दल त्या खुणा काही सांगत नाहीत.

ताळ्याचा आकडा

आमच्या फोनसाखळीत प्रत्येक ज्येष्ठाला सहा आकडी क्रमांक दिलाय. तो चार जणांच्या तोंडून जातो, म्हणून त्याला ताळा हवा. समजा क्रमांक आहे ४७१६५२. आकड्यांची बेरीज २५, शेवटचा आकडा ५. “चार सात एक सहा पाच दोन, ताळा पाच” असं सांगायचं. ऐकणाऱ्यानं ६ ऐवजी ८ लिहिला तर बेरीज २७ येते, ताळा सात, आणि चूक जागेवर सापडते.

सुरुवातीला आम्ही एवढ्यावर समाधान मानलं होतं. महिन्याभरात गफलत झाली. एका मुलानं ४७ चं ७४ केलं आणि बेरीज २५ च राहिली. आकड्यांची अदलाबदल साध्या बेरजेला दिसत नाही, आणि आपल्या भाषेत तर अदलाबदल हीच नेहमीची चूक.

म्हणून आता एकाआड एक आकडा तिपटीनं धरतो. ४ तसाच, ७ चे २१, १ तसाच, ६ चे १८, ५ तसाच, २ चे ६. बेरीज ५५, ताळा पाच. ७४१६५२ केलं तर बेरीज ४९, ताळा नऊ. पकडलं. पुस्तकांच्या मागे जो तेरा आकडी आयएसबीएन असतो त्यात हाच एक-तीनचा हिशेब आहे.

यालाही एक भोक आहे, ते माझ्या भाचीनं शोधून दाखवलं. शेजारच्या दोन आकड्यांत पाचाचा फरक असेल तर अदलाबदल निसटते. ४७१६५२ मधले १ आणि ६ बदलून ४७६१५२ करा. बेरीज ४५ येते, ताळा पुन्हा पाचच. आमच्या सहा आकड्यांना एवढी जोखीम चालते. ‘आधार’ला चालली नसती. म्हणून आधारच्या बारा आकड्यांतला शेवटचा आकडा याकोबस व्हेरहूफ यांच्या पद्धतीनं काढतात. ती एका आकड्याची चूक आणि शेजारच्या आकड्यांची अदलाबदल, दोन्ही हमखास पकडते. व्हेरहूफ डच होते. डच लोकही आपल्यासारखंच एकक आधी बोलतात.

मोबाइल नंबरात असा ताळ्याचा आकडा नसतो. एक आकडा चुकला की फोन दुसऱ्या खऱ्याखुऱ्या माणसाला लागू शकतो. तिथे परत वाचण्याला पर्याय नाही. बँक खात्याचंही ताळ्यावर सोडू नका. एनईएफटी, आरटीजीएसमध्ये पैसे खाते क्रमांक पाहून जमा होतात. १ एप्रिल २०२५ पासून पाठवण्याआधी खातेदाराचं नाव दाखवण्याची सोय बँकांनी दिली आहे. ते नाव थांबून वाचा, मोठ्यानं वाचा.

चेकवर रक्कम आकड्यांत आणि अक्षरांत दोनदा लिहायला लावतात, तेही याचसाठी. दोन्हींत फरक पडला तर १८८१ च्या परक्राम्य संलेख (म्हणजे चेक, हुंड्या वगैरेंच्या) कायद्याच्या कलम १८ प्रमाणे अक्षरी रक्कम खरी धरायची. निरोप दोन रूपांत देत असाल तर कुठलं रूप खरं मानायचं तेही असंच आधी ठरवून ठेवा.

अक्षरं

इंग्रजी अक्षरांत बी, पी, डी, टी, सी, जी, ई, व्ही सगळी ‘ई’वर संपतात. विमानवाल्यांनी यासाठी अल्फा-ब्राव्हो-चार्ली केलं, ते १९५६ मध्ये पक्कं झालं. आमच्या साखळीतल्या सत्तरीच्या आजींना ते लक्षात राहत नाही. त्यांना गावं लक्षात राहतात. पुण्याचा पी, बारामतीचा बी, दौंडचा डी, तळेगावचा टी, चिंचवडचा सी, गोव्याचा जी, जेजुरीचा जे, मुंबईचा एम, नाशिकचा एन, साताऱ्याचा एस. ‘एफ’साठी फलटण घेऊ नका, इंग्रजीत ते पी-एचनं सुरू होतं. फर्ग्युसन घ्या. ‘व’मध्ये तर आपण सगळेच फसतो, म्हणून विदर्भाचा व्ही आणि वर्ध्याचा डब्ल्यू.

‘ओ’ आणि शून्य वेगळे सांगा. बँकेच्या आयएफएससी कोडमधलं पाचवं चिन्ह नेहमी शून्य असतं, तिथे ‘ओ’ ऐकू आला तरी शून्यच लिहा. गाड्यांच्या नंबरांच्या मधल्या अक्षरांत आय आणि ओ वापरत नाहीत, ते याच घोटाळ्यापायी.

हातानं लिहिताना एका निरोपात एकच लिपी ठेवा. मराठी १ घाईत इंग्रजी नऊसारखा दिसतो, मराठी ४ इंग्रजी आठासारखा. सासूबाईंच्या गोळ्यांच्या वहीत मी हे दोन्ही पाहिलं आहे. औषधाची मात्रा लिहिताना ‘०.५’ लिहा, नुसतं टिंब देऊन ५ नको. आणि ‘१’ लिहा, ‘१.०’ नको. टिंब पुसट आलं की एकाचे दहा होतात.

जागा आणि वेळ

पुण्यात “शुक्रवारात भेटू” म्हणजे शुक्रवार पेठेत. “शुक्रवारी भेटू” म्हणजे वार. पुन्हा शेपटीचंच दुखणं. बाहेरगावच्या माणसाला पेठेचं नाव देताना ‘पेठ’ शब्द लावाच, आणि वार सांगताना तारीखही सांगा.

“मारुतीच्या देवळापाशी थांबतो” हा पुण्यात निरोपच नव्हे. पत्र्या मारुती, जिलब्या मारुती, सोन्या मारुती, भिकारदास मारुती, डुल्या मारुती, यांतला कुठला? पत्ता सांगताना पिन कोडही द्या. पेठेचं नाव चुकलं तरी ४११०३० वरून सदाशिव पेठेचा भाग कळतो, म्हणजे हाही एक ताळाच.

‘परवा’ हा शब्द निरोपात वापरू नका. तो मागेही जातो आणि पुढेही. रात्री बाराच्या पुढची गाडी असेल तर “१३ तारखेची रात्र संपून १४ सुरू झाल्यावर, ००.१० वाजता” असं पूर्ण लिहा. १४ ला रात्री स्टेशनवर बॅगा घेऊन पोचलेली दोन कुटुंबं मला माहीत आहेत.

आणि तारीख. दर पावसाळ्यात “भिडे पूल पाण्याखाली, खडकवासल्यातून विसर्ग वाढवला” असा निरोप आमच्या ग्रुपवर फिरतो. कधी तो त्याच दिवसाचा असतो, कधी दोन वर्षांपूर्वीचा. मजकुरात एकही अक्षर चुकलेलं नसतं, तरी निरोप चुकीचा. म्हणून आमचा नियम: दिवस, वेळ आणि कुणी पाहिलं हे नसेल तर पुढे पाठवायचा नाही. क्युसेकचा आकडा असेल तर तो अक्षरांतही लिहायचा. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला सुमारे २८ लिटर. एक शून्य गळलं तर नदीकाठच्या माणसाचा अंदाज दहापटीनं चुकतो.

मुद्दाम केलेला बदल

आतापर्यंत सांगितलं ते सगळं नकळत होणाऱ्या चुकांसाठी. ३० ऑगस्ट १७७३ ला शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला, आणि ‘धरावे’चं ‘मारावे’ केलं गेलं असं आपण पिढ्यान् पिढ्या सांगत आलो. ‘ध चा मा’ खरोखर झाला असेल किंवा नसेल, पण अशा बदलाला ताळ्याचा आकडा उपयोगी पडत नाही. जो अक्षर बदलतो तो ताळाही बदलून ठेवतो.

तिथे रस्ता बदलावा लागतो. “आजोबांना ॲडमिट केलंय, या नंबरवर पैसे पाठवा” असा निरोप आला, तर आलेल्या नंबरवर परत फोन करून खात्री करू नका. आपल्या वहीत आधीपासून लिहिलेल्या नंबरवर स्वतः फोन लावा. आमच्या साखळीत पैशाचा निरोप फोनवर घेतच नाही, कुणीतरी घरी जाऊन येतं.

शेवट कुठे आहे ते सांगा

शिवकालीन पत्रांच्या शेवटी ‘मर्यादेयं विराजते’ अशी मुद्रा उमटवत. पत्राची हद्द इथे संपली, याखाली कुणी काही जोडलं तर ते आमचं नाही. तारखात्यात निरोपाच्या आधी शब्दांची संख्या पाठवत, म्हणजे घेणारा मोजून पाही आणि कमी भरला तर परत मागवी. तार १५ जुलै २०१३ ला बंद झाली, पण या दोन्ही सवयी आम्ही उचलल्या आहेत. फोन करणारा आधी म्हणतो, “तीन गोष्टी आहेत.” मग एक, दोन, तीन असं सांगतो. शेवटी म्हणतो, “निरोप संपला, आता तुम्ही वाचा.” आणि पलीकडचं वाचून होईपर्यंत फोन ठेवत नाही.

गेल्या आठवड्यात पहिल्या मजल्यावरच्या आजींनी मला असंच धरून ठेवलं. मी दोनच गोष्टी सांगितल्या होत्या, आणि त्या म्हणत होत्या, “तू तीन म्हणाली होतीस. तिसरी कुठे?” तिसरी त्यांच्या डोळ्यांच्या तपासणीची वेळ होती.